ते दोघं आणि स्टालिनग्राड

सून घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आम्ही तिघं स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. मी तव्यावरची भाकरी ह्यांच्या ताटात टाकली, तेवढ्यात सुनेने सासऱ्यांना विचारलं, "आबा, स्टालिनग्राडला जर्मन सैन्याला वेढा पडला, तेव्हा ते वेढा फोडून मागे का नाही फिरले?"

ह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "फिरता आलं असतं," ते म्हणाले. "सुरुवातीचे काही दिवस नक्कीच आलं असतं. पण वरून हुकूम आला, एक पाऊलही मागे घ्यायचं नाही. विमानांनी धान्य टाकू, दारूगोळा टाकू. आता मला सांग, अडीच-तीन लाख माणसांना रोज किती भाकरी लागतील?"

त्यानंतर ते पाऊण तास बोलत होते. भाकरी वाळली, वरण निवलं. हिवाळा कसा पडला, विमानं कशी पोचेनात, सैनिकांनी आधी घोडे खाल्ले, मग काय काय खाल्लं. सून मध्येच अडवायची, म्हणायची, पण आबा, पुस्तकात तर असं दिलंय. ह्यांना ते आवडायचं. मी चुलीशी बसून दोघांकडे पाहत होते. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी सलग एवढं कधी बोलल्याचं मला आठवेना.

त्यांना हा नाद आहे हे मला ठाऊक होतं. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, उसाचा रस तपासायचे. घरी आले की हातपाय धुवून दुसऱ्या महायुद्धाचं काहीतरी वाचत बसायचे. माळ्यावर एक पत्र्याची पेटी भरून पुस्तकं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती. कपाटाच्या दाराला आतून जगाचा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर पेन्सिलीचे बाण होते. मी तो नकाशा हजारदा पुसला असेन, धूळ बसायची म्हणून. बाण कशाचे, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझा समज असा होता की मी बारावी होऊन ब्लाउज शिवणारी बाई, ह्यांना वाटत असेल, हिला काय कळणार.

सून नंदुरबारची. मुलाची नोकरी पुण्याला, पण तिला स्पर्धा परीक्षा द्यायची होती. लोणखेड्याच्या अभ्यासिकेत तिला जागा मिळाली, म्हणून वर्षभर ती आमच्याकडे म्हसावदला राहणार असं ठरलं. ते ठरवण्यात मीही होते. घरात पोरगी असावी अशी माझी जुनी हौस. आम्हाला एकच मुलगा.

त्या जेवणानंतर रोजचंच झालं. ती साडेपाचच्या बसने परत यायची, मी चहा टाकायचे, आणि दोघं कप घेऊन दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तीन कपांपैकी माझा कप आतच राहायचा, कारण मला संध्याकाळी गिऱ्हाइकं यायची, कोणाला बाही मोठी करून हवी, कोणाला गळा. मशीन दाराजवळच होतं. पाय चालू ठेवून मी ऐकायचे. मिडवेला जपानी जहाजांवर विमानांचे बॉम्ब बदलणं चालू होतं आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकन विमानं डोक्यावर आली. पाच मिनिटांत युद्ध फिरलं, हे म्हणायचे. सून म्हणायची, "म्हणजे नशीबच ना आबा?" हे म्हणायचे, "छे. त्यांचे गुप्त संदेश आधीच फोडलेले होते. नशिबाच्या मागे वर्षभराची मेहनत होती."

आणि एक गोष्ट मला फार बोचायची. घरात आम्ही आपसात अहिराणी बोलतो, सुनेशी साधं मराठी. माझ्याशी ह्यांचं बोलणं म्हणजे "पानी ठेव", "बील भरी उनू", "चावी कोठे शे". पण सुनेशी महायुद्धावर बोलताना त्यांची भाषा बदलायची. एकदम पुस्तकातलं मराठी. "निर्णायक", "रसद", "पिछेहाट". जणू माझ्या घरात एक दुसरा माणूस राहत होता, चांगला शिकलेला, हसरा, आणि तो पस्तीस वर्षांत मला एकदाही भेटायला आला नव्हता. सून आली आणि तिला पहिल्याच महिन्यात भेटला.

मी सुनेला कामं सांगायला लागले. चहा संपत आला की हाक मारायची, लसूण सोलून दे. स्टालिनग्राडचा नाही तर एल अलामीनचा रंग चढला की म्हणायचं, पीठ मळून घे गं, मला हात लावता येत नाही, हाताला ऑइल आहे. ती बिचारी लगेच उठायची. पण हे तिच्यामागून स्वयंपाकघरात यायचे! ती पीठ मळायची आणि हे दाराला टेकून उभे राहून वाळवंटात रणगाड्यांना पेट्रोल कसं कमी पडलं ते सांगायचे. स्वयंपाकघरात हे पाणी प्यायलासुद्धा कधी स्वतःहून आले नव्हते.

मिरच्यांचं झालं ते फेब्रुवारीत. वर्षाच्या तिखटासाठी मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. दोन दिवस बसून निवडल्या होत्या. लाल एकीकडे, आणि पांढरट पडलेली फटकी मिरची वेगळ्या साडीवर. त्या दिवशी अभ्यासिका बंद होती, आणि मी शहाद्याला अस्तराचं कापड आणायला गेले होते. चारच्या सुमारास परत आले तर घरात कोणी नाही, आणि गच्चीतून हसण्याचा आवाज.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. माझ्या निळ्या पातळाची घडी उलगडून लांबच लांब पसरलेली होती. ती व्होल्गा नदी. नदीच्या काठाला माझी फटकी मिरची गोळा करून ढीग घातला होता, ते जर्मन. लाल मिरच्यांच्या दोन रांगा दोन्ही बाजूंनी वळवत आणल्या होत्या. हे गुडघ्यावर बसले होते. गुडघेदुखीमुळे हे देवळातही खाली बसत नाहीत.

"मधे कसलेले जर्मन," हे सांगत होते, "आणि दोन्ही बगलांना त्यांच्या मित्रदेशांचे सैनिक. थकलेले, हत्यारं कमी. रशियन मधे धडकलेच नाहीत. इकडून आणि तिकडून आले, आणि मागे जाऊन हात मिळवले."

सुनेने दोन्ही हातांनी लाल मिरच्या ओढत आणल्या आणि फटकीच्या मागे नेऊन एकत्र केल्या. "कोंडले!" ती म्हणाली, आणि तिला जोरात ठसका लागला. हे हसायला लागले. तीही हसत-शिंकत होती. दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मन्ही मिरची कोनी हालावनी?" मी ओरडले.

दोघंही दचकून उभे राहिले. सून म्हणाली, "आई, माझं चुकलं, मीच आबांना म्हटलं दाखवा म्हणून." हे म्हणाले, "कसाले चिडस? आते निवडी देतस आम्ही."

आम्ही. तो शब्द मला मिरचीपेक्षा जास्त झोंबला. आणि त्यांनी खरंच निवडून दिली. तासभर दोघं शेजारी शेजारी बसून माझी लाल आणि फटकी वेगळी करत होते, आणि बोलणं कुर्स्कच्या लढाईवर गेलं होतं. मी खाली येऊन मशीनवर बसले आणि एका बाईचा चांगला ब्लाउज उलट्या बाजूने शिवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन केला.

"तुन्ही बायको अभ्यास करी नही ऱ्हायनी," मी म्हटलं. "रोज संध्याकाळ आबासंगे गप्पा. परीक्षा तोंडवर उनी."

मुलगा म्हणाला, "पण ती तर सांगस, आबांमुळे तिचा इतिहास पक्का होतोय."

"परीक्षात फक्त लढायाच इतीस का? बाकीचं कोण करी?"

तो म्हणाला, बोलतो तिच्याशी. आईने उगाच फोन केला नसेल असं त्याला वाटलं असावं. त्या संध्याकाळी दोघा नवरा-बायकोचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सून बसमधून उतरली, चहाचा कप घेतला आणि ओट्यावर न जाता सरळ खोलीत गेली. हे उठून आत आले. ती खाली पाहत म्हणाली, "आबा, मला आता चालू घडामोडी करायच्या आहेत."

"कर ना, कर," हे म्हणाले आणि बाहेर गेले.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पहिले चार दिवस वाटलंही. मी चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसले. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, यंदा पपईला भाव बरा दिसतोय. हे म्हणाले, हं. मी म्हटलं, शेजारच्यांच्या मुलीचं जमलं. हे म्हणाले, हं. ओट्यावरची जागा मला मिळाली होती, पण ज्यासाठी ती हवी होती तो माणूस तिथे नव्हता. तो सुनेबरोबरच उठून गेला होता. आठवडाभराने ह्यांनी विचारलं, "पोरले बरं नही का?" मी म्हटलं, अभ्यास करतेय. त्यांनी मान हलवली आणि पेपरचं तेच पान पुन्हा उघडलं.

मग मी माळ्यावर चढले. हे बँकेत गेले होते, सून लोणखेड्याला. पेटी उघडली. मला पाहायचं होतं की असं काय आहे त्यात. वरच एक जाड पुस्तक होतं, त्यात ह्यांनी जागोजागी चिठ्ठ्या घातल्या होत्या. एक चिठ्ठी काढली तिथे कोहिमाचं प्रकरण होतं. आपल्याच देशात इतकी मोठी लढाई झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. डोंगरावर एका साहेबाचा बंगला, बंगल्यासमोर टेनिस खेळायचं मैदान. मैदानाच्या एका कडेला जपानी, दुसऱ्या कडेला आपले आणि इंग्रजांचे सैनिक. मधे फक्त तेवढीच जागा. एकमेकांवर हातबॉम्ब फेकायचे आणि खंदकात बसून राहायचे. पाणी कपाने मोजून मिळायचं.

मी माळ्यावर बसूनच सगळं वाचलं. ब्लाउज द्यायला आलेली बाई खालून हाका मारून निघून गेली. पुढचे दोन आठवडे मी रोज दुपारी वर चढायचे. सगळं कळायचं नाही. गावांची नावं तोंडात बसायची नाहीत. पण माणसं कळायची. आणि वाचताना मनात एकच असायचं, की आज संध्याकाळी मी असं काहीतरी विचारीन की ह्यांचा घास हातात राहील.

शेवटी एकदा हिंमत केली. ओट्यावर चहा देताना म्हटलं, "कोहिमाले त्या टेनिसना मैदानवर किती दिन लढनात हो?"

त्यांनी चष्मा काढला. "तुले कोनी सांगं?"

"पुस्तकमा वाचं."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूहळू सांगायला लागले. आणि ते अहिराणीत सांगत होते. जपानी फौज तठे डोंगरवर कशी चढनी, खावाले काही नव्हतं, मागून येणारी रसद येईचना. मी ऐकलं. त्या भाषेत ती लढाई एकदम जवळ आली, जणू आमच्या तोरणमाळच्या डोंगरवाटेवरच चालू आहे. पाच-सात मिनिटं झाली असतील. अचानक ते थांबले.

"बस. तुले आवडत नही."

"कोन म्हनस? मी कधी सांगं आसं?"

"तूच त सांगं व्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "लगनना पहिलं वरीस. तुन्हा पोटमा आपला पोऱ्या व्हता. मी तुले लेनिनग्राडना वेढानं सांगी ऱ्हायंतू. लोके भुके मरनात ते. तू ताट सारी दिन्हं आणि बोलनी, या घरमा मरानी गोट काढू नका."

मला आठवेना. खूप जोर दिला तेव्हा एवढंच आठवलं की त्या दिवसांत मला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही आणि मी सगळ्यांवरच चिडायचे. ताट सारलंही असेन. घरात मरणाची गोष्ट नको, असं पोटुशी बाई म्हणते, त्यात विशेष काय. पण मी ते बोलून विसरले आणि ह्या माणसाने ते पाळलं. मुलगा झाला, चालायला लागला, शाळेत गेला, इंजिनिअर झाला, त्याचं लग्न झालं, आणि हे अजून माझं ते एक वाक्य पाळतच होते. मी समजत होते की ते मला अडाणी समजतात.

"इतला वरीस?" मी म्हटलं.

"तू परत कधी इचारंच नही," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही. मला राग आला, त्यांचाही आणि माझाही. आणि समोर सुनेच्या खोलीचं बंद दार दिसत होतं.

पूर्वपरीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुनेला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी पुण्याला फोन मी केला होता. अभ्यासाचं निमित्त होतं. तू आणि आबा बोलायचात ते मला सहन होत नव्हतं."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं आबांनीच पुण्याला फोन करून तक्रार केली. मी रोज त्यांचं डोकं खाते, त्यांना कंटाळा आला आणि तोंडावर सांगवेना, म्हणून मुलाला सांगितलं. दीड महिना मी त्यांच्यासमोर यायला लाजत होते, आई."

"चुकलं माझं."

"राग आला होता तर माझ्याशी भांडायचं होतं. मला हाक मारायची होती, मी पण बसते म्हणून. आम्ही नाही म्हटलं असतं का?"

मी पण बसते, हे तीन शब्द मला पस्तीस वर्षांत सुचले नव्हते, हे तिला कसं सांगणार? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला मागाहून यायची. मी तिला कामही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहाचे तीन कप ओट्यावर नेऊन ठेवले आणि माझं मशीन थांबवून म्हणाली, "चला." तिने ह्यांना काय सांगितलं, सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही आणि ह्यांनीही कधी तो विषय काढला नाही.

पूर्वपरीक्षेत ती पास झाली. मुख्य परीक्षेच्या तयारीसाठी मुलाने तिला पुण्याला नेलं. जाताना ह्यांनी तिला पेटीतलं ते जाड पुस्तक दिलं, चिठ्ठ्यांसकट. मी अजून अर्धंच वाचलं होतं. ते मला देतील असं मला वाटलं होतं. तरी मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या बॅगेत नीट ठेवलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून.

आता ह्या गोष्टीला बरेच महिने झाले. हे मला रोज सांगतात. मला नॉर्मंडीचा किनारा माहीत आहे, हवामान सुधारण्याची वाट पाहत थांबलेली जहाजं माहीत आहेत. पण फरक आहे, तो मला कळतो. मला ते समजावून सांगतात, लहान मुलाला सांगावं तसं, थांबत थांबत. तिच्याशी ते वाद घालायचे. रविवारी तिचा फोन आला की बाहेर जातात आणि मोठमोठ्याने बोलतात. मी आतून घड्याळ पाहते. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तोरणमाळला गेलो. गाव पायथ्याशी असून लग्नानंतर दोनदाच गेलो होतो. जीप केली. वर सीताखाईच्या कड्यावर उभं राहून हे खाली पाहत होते. मग त्यांनी मला इटलीतल्या एका डोंगराची गोष्ट सांगितली, मोन्टे कॅसिनोची. डोंगराच्या माथ्यावर मठ, खालून चढणारं सैन्य, त्यात आपलेही लोक, आणि चार-चार वेळा हल्ला करावा लागला. "वर बसेल माणूसले सगळं दिखस," ते म्हणाले. "खालून चढणारानं काय हाल व्हतस, ते आठेच उभं राहीसन समजस." वारा सुटला होता, आम्ही दोघंच होतो, आणि ते मला पहिल्यांदा समजावल्यासारखं नाही, तर सोबत पाहणाऱ्याला सांगावं तसं सांगत होते. मला फार बरं वाटलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, कड्याचा फोटो घेतला आणि फोन वर धरून इकडेतिकडे फिरायला लागले. रेंज नव्हती. चहाच्या टपरीवर गेलो तिथेही फोन वर धरला. तलावाजवळही. मी विचारलं नाही कोणाला लावायचा आहे. त्या दिवशी रविवार होता.

परत निघालो. जीप घाट उतरायला लागली, हे मांडीवर फोन ठेवून एकसारखे त्याच्याकडे पाहत होते. एका वळणावर फोन दोनदा वाजला, संदेश आले, आणि जीप पुढे गेली तसं सगळं पुन्हा बंद. ह्यांनी फोन खिशात ठेवून दिला.

"भाऊ, मागे घे जरा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"काय राहिलं का वर, काकू?"

"नाही. त्या वळणावर रेंज आहे. काकांना फोन करायचा आहे."

त्याने कुरकुर करत जीप मागे घेतली. हे खाली उतरले. आमच्याकडे पाठ करून कठड्याशी उभे राहिले, आणि फोन लागल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला. डावा हात हवेत डोंगर काढत होता, मग मठ, मग खालून वर चढणारी माणसं. तीच गोष्ट, जी त्यांनी दोन तासांपूर्वी मला सांगितली होती, आता पुस्तकातल्या मराठीत. पलीकडून तिने काहीतरी विरोधात म्हटलं असावं, कारण हे हसले आणि म्हणाले, "नाही नाही, तू चुकतेस."

"किती वेळ लागंल काकू?" ड्रायव्हरने विचारलं. "अंधार पडायच्या आत उतरायला पाहिजे."

"लागेल जरा," मी म्हटलं, आणि पिशवीतला डबा काढून त्याला शेव दिली.